पवनचक्कीखालचे धीट सरडे

साताऱ्याहून ठोसेघरचा धबधबा बघायला गेलात ना, तर तिथूनच माघारी फिरू नका. थोडं पुढे चाळकेवाडीचं पठार आहे. वारा असा की डोक्यावर टोपी टिकायची नाही! उघडा जांभा खडक आणि त्यावर उंचच उंच पवनचक्क्या.

पवनचक्कीचं पातं विमानाच्या पंखासारखं घडवलेलं असतं. त्यावरून वारा वाहिला की ते ढकललं जातं, चक्र फिरतं आणि वरच्या पेटीतलं जनित्र वीज तयार करतं. वाऱ्यानं दिशा बदलली की पवनचक्कीही तोंड वळवते. वादळ आलं तर ती आपणहून थांबते, नाहीतर मोडायचीच!

आता मान खाली करा. खडकावर एक सरडा दिसतोय? नर असेल तर त्याच्या गळ्याखाली घडीचा पंखा असतो. निळा, काळा, नारिंगी. पावसाळ्याआधी तो दगडावर चढून हा पंखा उघडतो-मिटतो. मादीनं बघावं आणि दुसऱ्या नरानं दूर राहावं, म्हणून! पण एवढं भडक मिरवलं तर आकाशातल्या शिकाऱ्यालाही दिसणारच की.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी इथे एक छान तुलना केली. पवनचक्क्यांजवळ काय दिसतं आणि त्याच पठारावर पवनचक्क्या नाहीत तिथे काय दिसतं? पवनचक्क्यांजवळ कापशी घारीसारखे शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी निघाले. सरडे मात्र जास्त! आणि धीटही. माणूस अगदी जवळ आला तरी ते लवकर पळेनात. त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरकसुद्धा कमी सापडलं.

मग सरड्यांची चैनच म्हणायची? छे! खाणारी तोंडं वाढली, की किड्यांसाठी चुरसही वाढणारच. हे सरडे जरा रोडके होते आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके. पुरेसं खायला न मिळाल्यानं रंग उतरला असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज. २०१८ साली त्यांनी हे सगळं प्रसिद्ध केलं.

धूर न सोडणारी वीज मला फार मोलाची वाटते. म्हणूनच तिच्या पात्याखाली काय बदलतं, हेही मला जाणून घ्यावंसं वाटतं. सरडे वाढले, तर ते ज्यांना खातात त्या नाकतोड्यांचं काय होत असेल? आणि नाकतोडे ज्यावर जगतात त्या गवताचं?