झिनफँडेलचं माहेर: क्रोएशिया 🍇

नाशिकच्या वायनरीत ‘झिनफँडेल’ हे नाव तुम्ही वाचलं असेल. कॅलिफोर्नियाने जगभर नेलेली ही द्राक्षाची जात मुळात आहे एड्रियाटिक समुद्राकाठची!

कॅलिफोर्नियातल्या संशोधक कॅरोल मेरेडिथ आणि झाग्रेब विद्यापीठातले इव्हान पेयिच व एडी मालेटिच यांनी क्रोएशियातल्या दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर तिचं मूळ शोधलं. 2001 मध्ये स्प्लिटजवळच्या काश्तेल नोवी गावातल्या एका जुन्या मळ्यात मोजक्या वेली सापडल्या. गावकरी त्यांना ‘त्सर्ल्येनाक काश्तेलान्स्की’ म्हणत. डीएनए तपासला, तर ती झिनफँडेलच! तिचं जुनं नाव ‘ट्रिबिड्राग’.

हिचा आणि ‘दोब्रिचिच’ या स्थानिक जातीचा संकर म्हणजे ‘प्लावात्स माली’, दाल्मेशियाचं सर्वात महत्त्वाचं लाल द्राक्ष. पेल्येशात्स द्वीपकल्पावर ‘दिंगाच’ नावाचा समुद्राकडे उतरणारा खडा डोंगर आहे; तिथे हेच द्राक्ष पिकतं. वरून ऊन, खालून समुद्राचा परावर्तित प्रकाश आणि पायाशी तापलेला खडक. द्राक्षं इतकी पिकतात, की काही वेलीवरच सुकू लागतात. म्हणून इथली वाइन दाट आणि कडक. 1961 मध्ये दिंगाचला कायदेशीर संरक्षण मिळालं.

पांढऱ्या वाइनमध्ये ही तीन नावं लक्षात ठेवा:
▪️ पोशिप: कोर्चुला बेटाची
▪️ माल्वाझिया: इस्त्रियाची
▪️ ग्राशेविना: पूर्वेकडच्या स्लावोनियाची

एका मळ्यातल्या मूठभर वेली टिकल्या, म्हणून एवढा इतिहास उलगडला. जुनं वाण जपायचं ते यासाठीच. 🌿

#क्रोएशिया #द्राक्षं #वाइन