गोंगाटात रुजलेली चाल

न्यूयॉर्कच्या सॉनिक यूथचा २००६ सालचा ‘रॅदर रिप्ड’ हा अल्बम पहिल्याच ऐकण्यात गुणगुणता येतो. याच बँडचा १९८३चा ‘कन्फ्यूजन इज सेक्स’ मात्र कानांची परीक्षा पाहतो. वय वाढलं आणि बंडखोर निवळले, असा याचा अर्थ अनेकदा लावला जातो. मला तो साफ चुकीचा वाटतो. गोंगाटासाठी घडवलेल्या हत्यारांनीच या बँडला चाल दिली.

थर्स्टन मूर, किम गॉर्डन आणि ली रनाल्डो १९८१मध्ये एकत्र आले. मूर आणि रनाल्डो हे दोघंही संगीतकार ग्लेन ब्रँका यांच्या गिटारवृंदात वाजवलेले. अनेक गिटारी एकदम झंकारल्या की कोणीच न वाजवलेले स्वर हवेत उमटतात, हे त्यांनी तिथे ऐकलं होतं. जवळच्या स्वस्त गिटारी रूढ पद्धतीने लावल्या तर बेताच्याच वाजत. म्हणून त्यांनी तारा मनाजोगत्या लावल्या, त्यांच्याखाली स्क्रूड्रायव्हर खुपसले.

‘सिस्टर’मधलं (१९८७) ‘स्किझोफ्रेनिया’ ऐकावं. गिटारच्या सहा तारांपैकी दोन एफ शार्पला, दोन जीला, दोन एला. जोडीतल्या तारा किंचित पुढेमागे झाल्या की नाद लहरू लागतो. शेजारचे स्वर एकमेकांना घासतात. त्या घर्षणावर मूर अगदी साधी चाल गातो आणि ती हळवी वाटते. १९८५मध्ये आलेल्या स्टीव्ह शेलीच्या ड्रम्सनी या नादाला बांधणी दिली होती. ‘सिस्टर’च्या पुढच्याच वर्षी ‘डेड्रीम नेशन’ हा दुहेरी अल्बम आला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतला आहे.

जुलै १९९९मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज इथे त्यांचा वाद्यांनी भरलेला ट्रक चोरीला गेला. ठरावीक गिटार, तिची ठरावीक जुळवणी आणि त्यावर बेतलेलं गाणं, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे वाद्यांबरोबर गाणीही हातची गेली. पुढच्या वर्षीचा ‘एनवायसी गोस्ट्स अँड फ्लॉवर्स’ विरळ आणि रुक्ष आहे. मग संगीतकार जिम ओ’रूर्क बँडमध्ये सामील झाला. २००२च्या ‘मरे स्ट्रीट’मध्ये गिटारी पुन्हा एकमेकींत गुंफल्या गेल्या, लांबलचक गाण्यांतही चाल ठळक राहिली.

ओ’रूर्क गेल्यावर चौघांनी ‘रॅदर रिप्ड’ केला. त्यातल्या ‘इन्सिनरेट’मध्ये दोन गिटारी एकमेकींची वाक्यं पूर्ण करतात. ‘पिंक स्टीम’मध्ये गाणं सुरू होण्याआधी गिटारी कितीतरी वेळ उसळत राहतात. जुना गोंगाट तिथे पूर्ण शाबूत आहे, फक्त त्याला कुठे जायचं ते ठाऊक आहे.

२०११मध्ये बँड थांबला. प्रयोगशील कलावंत सुरेल झाला की त्याने तडजोड केली, असं म्हणण्याची आपल्याला घाई असते. सॉनिक यूथचे अल्बम क्रमाने ऐकावेत: ही गोडी त्यांनी बाजारातून उसनी आणलेली नाही, वर्षानुवर्षं कर्कश स्वरांच्या सहवासात राहून कमावली आहे.