बारा वादकांच्या ऑपेराचा ताळेबंद

नोव्हेंबर २०२२ मध्ये इंग्लंडच्या कला परिषदेने नवी अनुदान-यादी जाहीर केली, तेव्हा ऑपेराच्या वाट्याला मोठी कपात आली. लंडनची इंग्लिश नॅशनल ऑपेरा ही संस्था नियमित अनुदानाच्या यादीतून वगळली गेली. ग्लाइंडबोर्नच्या दौऱ्यांचे अनुदान निम्म्यावर आले व २०२३ चा दौरा रद्द करावा लागला. सप्टेंबर २०२३ मध्ये वेल्सच्या कला परिषदेने तर गावोगावी छोटे प्रयोग नेणाऱ्या मिड वेल्स ऑपेरा या मंडळीचे नियमित अनुदान पूर्णपणे बंद केले. या निर्णयांवर जो वाद झाला, त्याचा रोख मुख्यतः मोठ्या संस्थांवर होता. वस्तुतः अधिक मूलभूत प्रश्न लहान मंडळींचा आहे. कारण नव्या ऑपेराचे बरेचसे प्रयोग त्यांच्याच आश्रयाने पहिल्यांदा रंगमंचावर येतात.

भव्य ऑपेराला साठ-सत्तर वादकांचा ताफा, मोठे गायकवृंद आणि अवाढव्य रंगमंच लागतो. ‘चेंबर ऑपेरा’ या प्रकारात मोजके गायक व दहा-बारा वादक एवढ्यावर नाटक उभे राहते. ऑर्गन, तबला आणि सारंगी यांच्या साथीवर रात्र रात्र रंगलेले संगीत नाटक ज्यांना ठाऊक आहे, त्या मराठी रसिकाला या काटकसरीचे नवल वाटू नये. या प्रकारातील एका आरंभीच्या इंग्रजी कृतीचा विषय तर आपल्याच घरचा आहे. संस्कृतचा अभ्यास केलेल्या गुस्ताव होल्स्ट या संगीतकाराने महाभारतातील आख्यानावर ‘सावित्री’ हा ऑपेरा १९०८ मध्ये रचला. पात्रे तीनच : सावित्री, सत्यवान आणि मृत्यू. वादक अवघे बारा. तरीही त्याचा पहिला प्रयोग होण्यास १९१६ साल उजाडावे लागले. कृती तयार असणे वेगळे आणि ती रंगमंचावर आणणारी मंडळी असणे वेगळे!

ही उणीव भरून काढण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रयत्न बेंजामिन ब्रिटनने केला. १९४५ मध्ये ‘पीटर ग्राइम्स’ या त्याच्या मोठ्या ऑपेराला लंडनमध्ये अपूर्व यश मिळाले. तसाच दुसरा भव्य ऑपेरा लिहिणे त्याला शक्य होते. पण त्याने उलट वाट धरली. १९४६ च्या ‘द रेप ऑफ लुक्रीशिया’मध्ये आठ गायक आणि बारा वादक एवढाच संच होता. ग्लाइंडबोर्नने त्याचा दौरा काढला आणि त्यात खोट आली. तेव्हा १९४७ मध्ये ब्रिटन, लेखक एरिक क्रोझिअर आणि चित्रकार जॉन पायपर यांनी ‘इंग्लिश ऑपेरा ग्रुप’ ही स्वतंत्र मंडळी स्थापन केली. त्याच वर्षीच्या युरोप दौऱ्याने त्यांना एक व्यवहार शिकवला : माणसे आणि सामान देशोदेशी हलविण्याचा खर्च छोट्या मंडळीलाही झेपत नाही. मग प्रेक्षकांनीच आपल्याकडे का येऊ नये? या विचारातून १९४८ मध्ये सफकमधील ऑल्डबरो या समुद्रकाठच्या लहान गावी संगीत महोत्सव सुरू झाला. आज तो जगप्रसिद्ध आहे.

एवढी काटकसर करूनही तूट का येते? विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते आजही खोडून काढता आलेले नाही. ब्रिटनचा ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ हा ऑपेरा या मंडळीने १९५४ मध्ये व्हेनिसला प्रथम सादर केला. त्याला सहा गायक, तेरा वादक आणि जवळजवळ दोन तास लागतात. आजही तितकीच माणसे आणि तितकाच वेळ लागतो. दरम्यानच्या काळात कापड गिरणीतील वा मोटार कारखान्यातील कामगाराचे ताशी उत्पादन अनेक पटींनी वाढले आणि त्याच्या आधारे वेतनेही वाढली. व्हायोलिनवादकालाही त्याच बाजारात धान्य घ्यायचे असते. तेव्हा त्याचे वेतन वाढणे अपरिहार्य ठरते. उत्पादकता मात्र वाढू शकत नाही. दोन तासांचे संगीत एका तासात उरकणे ही कार्यक्षमता नव्हे, तो विध्वंस होय. परिणामी प्रत्येक प्रयोगाचा खर्च सर्वसाधारण किमतींपेक्षा वेगाने चढत जातो.

लहानपणाने हा रोग बरा होत नाही, फक्त त्याचे ओझे हलके होते. शिवाय लहान मंडळीचे सभागृहही लहान असते. ऑल्डबरोच्या ज्युबिली हॉलमध्ये जेमतेम तीनशे प्रेक्षक मावतात. सभागृह तुडुंब भरले तरी उत्पन्नाला तेथेच कुंपण पडते. नव्या कृतीच्या तालमी दीर्घ, प्रयोग थोडे. त्यामुळे आरंभीचा खर्च वाटून घ्यायला पुरेसे प्रयोगच मिळत नाहीत. लोकप्रियता हा यावरचा हमखास उपाय आहे असेही नाही. लोकाश्रय अमाप असूनही गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली, हे महाराष्ट्राने पाहिलेच आहे.

मग करदात्याने ही तूट का भरावी? आपल्या पगारातून कर भरणाऱ्या शिक्षकाने वा कारकुनाने, तो कधीही न पाहणार असलेल्या ऑपेराचा भार का सोसावा? हा आक्षेप रास्त आहे. कलेच्या थोरवीचा नुसता जयघोष करून तो उडवून लावता येणार नाही. त्याचे उत्तर ताळेबंदातच शोधले पाहिजे. ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ आज जगभरच्या मोठ्या ऑपेरागृहांत होतो. त्याचा लाभ त्यांना मिळतो, पहिला धोका मात्र इंग्लिश ऑपेरा ग्रुपने पत्करला होता. हॅरिसन बर्टविसलचा ‘पंच अँड जूडी’ याच मंडळीने १९६८ मध्ये ऑल्डबरोला सादर केला, तेव्हा अनेक श्रोते अस्वस्थ झाले. आज ती कृती आधुनिक ब्रिटिश ऑपेरातील एक महत्त्वाचा टप्पा मानली जाते. म्हणजे खर्च एकाच्या खतावणीत पडतो आणि लाभ दुसऱ्यांच्या, तोही वर्षानुवर्षांनी. अशा ठिकाणी बाजारपेठ पुरेशी गुंतवणूक करीत नाही, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक सूत्र आहे. शेती संशोधन केंद्राला आपण याच न्यायाने अनुदान देतो. नवे बियाणे पहिल्याच हंगामात स्वतःचा खर्च भरून काढील अशी अपेक्षा तेथे कोणी करीत नाही.

अर्थात अनुदान म्हणजे कोरा धनादेश नव्हे. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या मंडळीने सार्वजनिक जीवनात उतरले पाहिजे. १९५८ मध्ये ब्रिटनचा ‘नोयीज फ्लड’ ऑरफर्डच्या चर्चमध्ये झाला, तेव्हा मोजक्या व्यावसायिक कलावंतांबरोबर शाळकरी मुलांचा मोठा मेळा गात-वाजवीत होता. त्या मुलांच्या पालकांना ऑपेरा हा परक्यांचा शौक वाटला नसेल. अनुदानाला अट घालायची तर ती अशी असावी : नवी कृती, परवडणारी तिकिटे, आणि राजधानीबाहेरचा प्रेक्षक. तिकीट-खिडकीवरील गल्ला ही एकमेव कसोटी लावली, तर मंडळ्या जुन्या, खात्रीच्या कृतींकडेच वळतील आणि अनुदानाचे प्रयोजनच नाहीसे होईल.

इंग्लिश ऑपेरा ग्रुपने १९७५ मध्ये नवे नाव व विस्तृत कार्यक्रम घेतला. १९८० मध्ये ती मंडळी विसर्जित झाली. हिशेबनीस तिला बुडीत खात्यात टाकील. परंतु तिने रंगमंचावर आणलेल्या कृती आज जगभर गायिल्या जात आहेत. मंडळी कायम टिकावी हा आग्रह धरण्याचे कारण नाही. एक मिटली तर दुसरी उभी राहावी आणि तिला पहिला धोका पत्करण्याइतके भांडवल मिळावे, एवढी व्यवस्था समाजाने राखली पाहिजे. अनुदानाच्या याद्या करणाऱ्यांनी लहान मंडळीच्या नावावर काट मारताना केवळ चालू वर्षाची बचत मोजली, तर पुढच्या पिढीच्या मोठ्या रंगमंचांना नवे देण्यासारखे फारच थोडे उरेल.