उघड्यावरचा कडीपाट

कडीपाट ही वस्तू इकडील शेतकऱ्यास नवी नव्हे. तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, आणि त्यावर माडीची जमीन, ही रचना आपल्या वाडवडिलांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. मात्र हा कडीपाट नेहमी छपराखाली असे. ज्यावर मृगाचा पाऊस आणि वैशाखाचे ऊन ही दोन्ही थेट पडतात, असा लाकडी ओटा बांधण्याची चाल आपल्याकडे नव्हती, आणि ती नव्हती यास सबळ कारण होते. उघड्यावर राहिलेल्या लाकडाची काय गत होते, हे बैलगाडीच्या साटीवरून आणि विहिरीवरच्या जुन्या मोटेच्या लाकडांवरून आपण पाहिलेलेच आहे.

हा विषय आता घेण्याचे कारण असे. वारंगा फाट्यावर नांदेड-हिंगोली आणि तुळजापूर-नागपूर हे दोन राष्ट्रीय महामार्ग एकमेकांस मिळतात. त्यांच्या रुंदीकरणात आसपासच्या अनेकांच्या जमिनी गेल्या आणि मोबदल्याची रक्कम हाती आली. बहुतेकांनी तिच्यातून दुसरीकडे शेत घेतले, ते योग्यच केले. काहींनी मात्र थंड हवेच्या ठिकाणी जागा घेऊन लहानसे घर बांधले. चार दिवस मुलाबाळांनी जाऊन राहावे आणि एरवी पाहुण्यांस भाड्याने द्यावे, असा त्यात हेतू. अशा घरांस दरीच्या बाजूने फळ्यांचा उघडा ओटा हवाच असतो, कारण पाहुणा येतो तो दरी पाहावयास. ह्या ओट्याकरिता हल्ली लाकूड आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाच्या फळ्या विकल्या जातात आणि ‘एकदा बसवा, पुन्हा पाहावयास नको’ असे सांगितले जाते. एकदाच आलेला पैसा ज्यात घालावयाचा, त्या वस्तूसंबंधीचे हे वाक्य तपासून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम ही फळी म्हणजे काय ते पाहू. लाकडाचा भुसा, क्वचित बांबूचा भुसा किंवा भाताचा कोंडा, सुमारे निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक घेऊन तो वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये मिसळतात, त्यात रंग आणि उन्हापासून रक्षण करणारी द्रव्ये घालतात, आणि शेवयाच्या साच्यातून शेवई निघावी तशी फळी साच्यातून दाबून काढतात. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात हिचा प्रसार झाला. भुश्याचा प्रत्येक कण प्लॅस्टिकने वेढला गेल्यामुळे वाळवीस त्यात गोडी राहत नाही आणि पाणीही सावकाश शिरते. अलीकडील चांगल्या फळ्यांवर निव्वळ प्लॅस्टिकचे पातळ कवच चढविलेले असते. अशा फळीवर डाग कमी पडतात आणि रंगही अधिक काळ टिकतो. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर गेल्यास उन्हातील अतिनील किरणांचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, म्हणून डोंगरावरच्या ओट्यास कवचाची फळीच घ्यावी असे आमचे मत आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना. तालुक्याच्या दुकानात ‘डब्ल्यूपीसी’ ह्या नावाने जी पांढुरकी, वजनास हलकी फळी मिळते, ती बहुधा फेस आणलेल्या पीव्हीसीची असते आणि कपाटाच्या किंवा न्हाणीघराच्या दारास उत्तम असते. ती ओट्यास वापरावयाची नव्हे. ओट्याची फळी हातात घेतली असता सागवानाहूनही जड लागते. तिचे वजन सारख्या आकाराच्या सागाच्या फळीच्या दीडपटीहून अधिक भरते, आणि तेवढ्या वजनाने ती अधिक मजबूत मात्र नसते. सबब ही फळी पायाखाली घालण्यापुरती आहे. तिची कडी, तुळई किंवा खांब करू नये.

आता आमच्या ऐकण्यातील नव्हे, पाहण्यातील एक गोष्ट सांगतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने चिखलदऱ्याच्या बाजूस घर बांधले. चिखलदरा हे सातपुड्यातील सुमारे ११०० मीटर उंचीचे ठिकाण. पाऊस आपल्याहून बराच अधिक आणि भोवताली मेळघाटचे सागाचे रान. ओट्यास फळ्या उंची घेतल्या. परंतु फळ्यांतच पैसा संपत आल्यामुळे खालच्या कड्या गावाकडील बाभळीच्या, पुरत्या न वाळलेल्या, घातल्या, आणि खांब थेट मातीत पुरले. तिसऱ्या पावसाळ्यात एक कोपरा बसला. घरातील वृद्ध आई पहाटे बाहेर आल्या असता खचलेल्या जागी त्यांचा पाय अडकला. दैवाची खैर की, तो कोपरा दरीकडचा नव्हता. आम्ही तेथे गेलो तेव्हा फळ्या उचलून ठेवल्या होत्या. त्यांवर ओरखडासुद्धा नव्हता. खालची कडी मात्र हाताने चुरगळावी अशी झाली होती, आणि खांबाच्या बुंध्यात वाळवीने वारूळ धरले होते. फळी विकणाऱ्याचे वाक्य अक्षरशः खरे ठरले होते. ते फक्त फळीपुरते होते.

खरे पाहता ह्या रोगावरचा उपाय आपल्या जुन्या सुतारास माहीत होता. वाड्याचा लाकडी खांब मातीत कधीच पुरत नसत. त्याखाली घडीव दगडाचा तळखडा असे आणि खांब त्यावर उभा राही. ओल खालून चढत नसे आणि वाळवी चढू लागली तर दगडावर तिची मातीची वाट चटकन दृष्टीस पडे. उघड्या ओट्यासही हाच नियम लागू आहे. पाया काळ्या जमिनीत सोडू नये, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरूम लागेपर्यंत खणून तेथून काँक्रीटचा ठोकळा वर आणावा, तो जमिनीपासून वीतभर उंच ठेवावा, आणि त्यावर लोखंडी पायताण बसवून मग खांब उभा करावा. सांगाड्यास वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या लोखंडी नळ्या घ्याव्या. साधा रंग दिलेले लोखंड डोंगरावरच्या पावसात फार तग धरीत नाही. नळी जेथे कापली किंवा सांधली जाते तेथील जस्त उडते आणि गंज नेमका तेथूनच सुरू होतो, म्हणून त्या जागी जस्ताचा रंग देऊन नळीची तोंडे बंद करावी. खिळे आणि मळसूत्रे गंज न चढणाऱ्या पोलादाची असावी. ओटा घराच्या भिंतीत घुसवू नये. तो आपल्या खांबांवर स्वतंत्र उभा राहावा, भिंतीपासून थोडा सुटा आणि घराच्या जोत्याहून एक पायरी खाली असावा.

कड्यांच्या अंतराविषयी हिशेबच करून दाखवितो. ओटा १२ फूट लांब व १० फूट रुंद आहे आणि फळ्या लांबीच्या दिशेने घालावयाच्या आहेत असे धरू. फळीची रुंदी साडेपाच इंच आणि दोन फळ्यांतील फट पाव इंच धरल्यास २१ फळ्या लागतात. कड्या १६ इंचांवर ठेवल्या तर १० लागतील. जेथे पुष्कळ माणसे एकदम जमतात तेथे १२ इंचांवर ठेवाव्या, म्हणजे १३ लागतील. खर्च वाचविण्याकरिता कारागीर २४ इंच अंतर सुचवितो. त्यात कड्या ७ लागतात, म्हणजे वाचतात तीनच. पण फळी दोन कड्यांमध्ये झोळीसारखी लवू लागते, आणि एकदा लवलेली ही फळी लाकडासारखी उलटी करून सरळ होत नाही. दोन फळ्यांचे सांधे येतील तेथे प्रत्येक टोकाखाली स्वतंत्र कडी द्यावी. भाड्याने दिलेल्या घरात ढग फाटून दरी दिसू लागली की वीस माणसे एकाच कठड्याशी धावतात, हे बांधतानाच मनात धरावे. कठडा मीटरभर तरी उंच असावा आणि त्याचे खांब सांगाड्यास जखडावे, केवळ फळीस नव्हे.

लाकूड पाण्याने रुंदीत फुगते, तर ही मिश्र फळी उन्हाने लांबीत वाढते. पौषातील पहाटेपासून चैत्रातील दुपारपर्यंत फळी चाळीस अंशांनी तापली, तर १२ फुटांची फळी सुमारे ६ ते ७ मिलिमीटर लांब होते. टोकांस तेवढी जागा न ठेवल्यास ती कमानीसारखी उठते. फळ्या बसविण्याचे काम कोणत्या ऋतूत चालले आहे ते पाहून ही जागा कमीजास्त करावी. गडद रंगाची फळी उन्हात तव्यासारखी तापते. डोंगरावर हे निभावते. पण वारंग्यास, जेथे वैशाखात पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तेथे दुपारी अनवाणी पाय ठेवता येणार नाही. आपल्या शेतातील घरास असला ओटा करू नये. शहाबादी फरशीचा ओटा त्याहून स्वस्त आणि टिकाऊ असून त्यावर हळदही वाळविता येते.

वणव्याविषयी विक्रेते बोलत नाहीत. साग पानझड करतो आणि फेब्रुवारीपासून पावसापर्यंत त्या रानात आगीचे भय असते. वाऱ्याबरोबर उडालेली ठिणगी फटीतल्या वाळलेल्या पाचोळ्यात पडली की पेट घेते, आणि ह्या फळीतील प्लॅस्टिक वितळून जळते. म्हणून ओट्याखाली सरपण, गोवऱ्या किंवा जुने सामान भरू नये. बाजूंस बारीक तारेची जाळी लावावी, म्हणजे वारा खेळता राहील व पाचोळा आत जाणार नाही. भोवती गवत न ठेवता खडीचा पट्टा करावा. शेगडी ओट्यावर आणू नये.

जेथे पाऊस त्याहूनही अधिक, तेथे निराळी अडचण आहे. महाबळेश्वरास वर्षाकाठी ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो आणि भिंतींस बाहेरून गवताचे आवरण बांधण्याची तेथे जुनी रीत आहे. अशा ओल्या हवेत फळी कुजली नाही तरी तिच्यावर शेवाळ धरते, आणि शेवाळलेली फळी पाय घसरविते. साबणाचे पाणी व मऊ कुंचा पुरे. तारेच्या घासणीने कवच फाटते. त्या भागात जागा घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला आहे. सातबाऱ्यावर नाव आहे एवढ्यावर भरवसा ठेवून ओटा वाढवू नये. महसुली दप्तरात आयुष्य घालविलेल्या माणसाचा हा सल्ला आहे.

कोणी म्हणेल, बांधावर आपला साग आहे, तोच का न वापरावा? अवश्य वापरावा. जून सागाचा गाभा उघड्यावरही चांगला टिकतो. परंतु बाहेरचे पांढरे लाकूड वाळवी प्रथम खाते, ते काढून टाकावे लागते, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हात द्यावा लागतो. जो वर्षातून दोनदाच त्या घरी जाणार, त्याच्याने हे होत नाही. शिवाय साग आपल्या मालकीचा असला तरी १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाप्रमाणे तोडण्यास परवानगी आणि नेण्यास वाहतुकीचा परवाना लागतो.

जाता जाता पऱ्हाटीविषयी. मुंबईच्या माटुंगा भागात १९२४ साली स्थापन झालेल्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कपाशीच्या पऱ्हाट्यांपासून दाबीव फळी तयार करण्याची रीत बसविली आहे. ती फळी घराच्या आतील कामाची, उघड्यावर ती फुगेल. पण आपण बांधावर जाळतो ती पऱ्हाटी कोणाचा तरी कच्चा माल आहे, एवढे ध्यानात असलेले बरे.

चिखलदऱ्याच्या त्या कुटुंबाने पुढे सांगाडा जस्ताच्या नळ्यांचा करून त्याच जुन्या फळ्या पुन्हा बसविल्या. आमच्या सांगण्यावरून त्यांनी भिंतीकडील एक फळी केवळ दोन मळसूत्रांवर मोकळी ठेवली आहे. मृगापूर्वी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा ती उचलावी, हातदिवा घेऊन आत पाहावे, तळखड्यांवर मातीची रेघ चढलेली आहे काय ते तपासावे, फटीतील पाचोळा काढावा व फळी पुन्हा बसवावी. ह्यास अर्धा तास लागतो.