बिनसाखरेचे गोड : एका शब्दप्रयोगाचा विचार

‘बिनसाखरेचे लाडू’, ‘बिनसाखरेची बर्फी’ ही नावे अलीकडे मिठाईच्या दुकानांत आणि घरगुती फराळाच्या याद्यांत वारंवार आढळू लागली आहेत. नावाचा अर्थ वरवर पाहता उघड आहे. तथापि लाडू पाहावेत तर ते गुळात वळलेले असतात, आणि बर्फी करावयाची ती खजूर व अंजीर वाटून. नाव खोटे आहे असे म्हणता येत नाही, कारण साखर खरोखरच घातलेली नसते. तरीही ते ऐकून एखादा मधुमेही गृहस्थ एकाऐवजी तीन लाडू निःशंकपणे खातो, तेव्हा त्याची फसगत झालेली असते. खरे बोलणारे नाव फसवते कसे, हा प्रश्न जितका पाकशास्त्राचा तितकाच अर्थविचाराचाही आहे.

प्रश्न केवळ शाब्दिक कुतूहलाचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशातील प्रौढांपैकी शेकडा ११.४ जणांना, म्हणजे दहा कोटींहून अधिक लोकांना, मधुमेह आहे. एवढ्या घरांतून ‘यांना कोणते गोड चालेल?’ हा प्रश्न रोज विचारला जातो, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा नावावरूनच ठरवले जाते.

१. साखर आणि शर्करा

संस्कृत ‘शर्करा’ शब्दाचा मूळ अर्थ बारीक खडे, कंकर असा होता. उसाच्या रसापासून केलेल्या दाणेदार पदार्थाला तो रूपसाम्याने लागला. पालीतील ‘सक्खरा’सारख्या रूपांतून मराठी ‘साखर’ सिद्ध झाला. ‘साखर’ व ‘शर्करा’ हे एकाच शब्दाचे तद्भव आणि तत्सम अवतार होत. पण आजच्या मराठीत त्यांनी कामे वाटून घेतली आहेत. ‘साखर’ हे डब्यातल्या पांढऱ्या दाणेदार द्रव्याचे नाव आहे. ‘शर्करा’ हे रसायनशास्त्रातील एका वर्गाचे नाव असून त्यात सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज, दुधातील लॅक्टोज आणि धान्याला मोड येताना तयार होणारे माल्टोज ही सर्व येतात.

व्यवहारात मात्र ही वाटणी पाळली जात नाही. वैद्य ‘रक्तातील साखर’ म्हणतात, शेजारी ‘त्यांना शुगर आहे’ म्हणतात. वस्तुतः रक्तात असते ते ग्लुकोज. डब्यात असते ते सुक्रोज. दोहोंना एकच नाव मिळाल्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात एक साधे समीकरण तयार होते : डब्यातील साखर खाल्ली की रक्तातील साखर वाढते, ती न खाल्ली की वाढत नाही. समीकरणाचा पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्ध नाही. गूळ, मध, खजूर यांना मराठीत कोणी साखर म्हणत नाही, म्हणून ते समीकरणाबाहेर राहतात. आणि भात किंवा मैदा यांतील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोजच होते, ही गोष्ट तर शब्दाच्या छायेतही येत नाही.

गूळ आणि साखर यांतील भेद आज जितका तीव्र मानला जातो तितका तो पूर्वी नव्हता. कौटिलीय अर्थशास्त्रात कोठारातील द्रव्यांची वर्गवारी करताना फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा ही उसाच्या रसाची पाचही रूपे एकाच वर्गात घातली आहेत. काकवीसारख्या पातळ फाणितापासून दाणेदार शर्करेपर्यंत ही एकाच द्रव्याची अधिकाधिक शुद्ध केलेली रूपे होत. आधुनिक विश्लेषण या वर्गवारीला पुष्टीच देते. गुळात थोडी खनिजे आणि स्वतःचा असा स्वाद असतो हे खरे. पण त्याचा फार मोठा भाग सुक्रोज व इतर शर्करांचाच असतो. मधात सुमारे चारपंचमांश आणि सुक्या खजुरात सुमारे दोनतृतीयांश भाग शर्करेचा भरतो. खजुरात तंतुमय भागही असतो, हा त्याचा गुण. पण त्यामुळे त्याची शर्करा नाहीशी होत नाही.

२. ‘घातलेली’ आणि ‘असलेली’

‘बिनसाखरेचा’ या विशेषणात आणखी एक संदिग्धता आहे. ‘बिनसाखरेचा चहा’ म्हटले की करणाऱ्याने साखर घातली नाही एवढाच बोध होतो. तेथे शब्दाचा रोख कृतीकडे असतो. बंद पाकिटावरील ‘बिनसाखरेची बर्फी’ वाचणारा मात्र त्याचा संबंध स्थितीशी लावतो : या बर्फीत साखर नाही. ‘घालणे’ आणि ‘असणे’ या दोन क्रियापदांमधील अंतर ‘बिन-’ हा पूर्वावयव पुसून टाकतो.

शासकीय नियमांना हे अंतर राखणे भाग पडले आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार, पदार्थ शर्करामुक्त आहे असा दावा करावयाचा तर १०० ग्रॅममध्ये शर्करा ०.५ ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. हा नियम ‘असण्या’चा झाला. शर्करा घातलेली नाही हा दावा निराळा आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या संग्रहात त्यासाठी घातलेली अट उद्बोधक आहे : कोणतीही शर्करा घातलेली नसावी, आणि तिच्या जागी काम करणारा शर्करायुक्त घटकही, उदाहरणार्थ फळांचा आटवलेला रस किंवा सुक्या फळांचा लगदा, घातलेला नसावा. ही कसोटी लावली तर वाटलेल्या खजुराने गोड केलेली बर्फी त्या नावास पात्र ठरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ‘मुक्त शर्करा’ ही संकल्पना आधाराला घेतली. कारखानदाराने, स्वयंपाक करणाऱ्याने किंवा खाणाऱ्याने घातलेली शर्करा, तसेच मध, पाक आणि फळांचे रस यांतील नैसर्गिक शर्करा तिच्यात येते. सबंध फळातील आणि साध्या दुधातील शर्करा येत नाही. मुक्त शर्करेपासून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या शेकडा १० हून कमी असावी, आणि शक्य तर ५ हून कमी, अशी संघटनेची शिफारस आहे. २००० उष्मांकांच्या आहारात ही प्रमाणे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात.

३. ‘गोड’ या शब्दाची व्याप्ती

साखर वगळून गोड करता येईल काय, हे ठरविण्यापूर्वी ‘गोड’ या शब्दाकडेही पाहावयास हवे. त्याचा संबंध ‘गुड’ म्हणजे गुळाशी जोडला जातो. पण मराठीत त्याची व्याप्ती गुळापुरती राहिलेली नाही. गोडे पाणी साखरेचे नसते, खारे नसते एवढेच. गोडे तेल गोड लागत नाही आणि गोडा मसालाही मिष्टान्नात पडत नाही. खारट, कडू, उग्र नसलेले आणि जिभेला रुचणारे ते गोड, असा हा व्यापक अर्थ आहे. याच्या उलट ‘मीठ’ हा शब्द. संस्कृत ‘मृष्ट’ वा ‘मिष्ट’ यापासून हिंदीत ‘मीठा’ म्हणजे गोड झाला, आणि मराठीत त्याच मुळापासून ‘मीठ’ म्हणजे लवण. गुजरातीत तर ‘मीठुं’ हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. चवदार ते मिष्ट, मग ते लवणाने होवो वा गुळाने.

पाकक्रियेत या अर्थव्याप्तीला प्रत्यक्ष आधार सापडतो. खिरीत किंवा शिऱ्यात चिमूटभर मीठ घालण्याची रीत सर्वपरिचित आहे. अल्प प्रमाणातील सोडियम कडवटपणाची जाणीव दाबते आणि असलेला गोडवा स्पष्ट करते. वेलदोडा, जायफळ, केशर यांत जिभेला गोड लागणारे काही नसते. परंतु ज्या सुगंधाची गोडाशी सांगड बसली आहे तो आला की तोच पदार्थ अधिक गोड भासतो. गार पदार्थात गोडवा मंद जाणवतो, म्हणून थंडगार खीर कोमट खिरीपेक्षा अधिक साखर मागते. म्हणजे गोडी ही केवळ साखरेच्या मापावर अवलंबून नसते.

४. साखर न घालता

साखर किंवा तिचा पर्याय न घालता गोड करावयाचे, तर द्रव्यात मुळात असलेली गोडी पुढे आणणे हा मार्ग उरतो. त्याची तीन उदाहरणे घरच्या स्वयंपाकातलीच आहेत.

पहिले उदाहरण आटवण्याचे. एक लिटर दुधात सुमारे ५० ग्रॅम लॅक्टोज असते. साखरेच्या मानाने त्याची गोडी पाचवा-सहावा हिस्साच. पण दूध एकतृतीयांश होईपर्यंत आटवले की ती तिपटीने दाट होते, आणि तापवण्याने येणारा खरपूस स्वाद तिला साथ देतो. या बासुंदीचे चार वाटे केले तर प्रत्येक वाट्यात सुमारे १२ ग्रॅम दुग्धशर्करा येते. त्याच दुधात १०० ग्रॅम साखर घातली असती तर प्रत्येक वाट्यात आणखी २५ ग्रॅमची भर पडली असती. म्हणजे शिफारशीतील खालची मर्यादा एका वाटीतच गाठली गेली असती. मात्र दूध फार आटवून थंड केले तर लॅक्टोजचे बारीक खडे जमून ते दाताखाली कचकचू लागते. ‘शर्करा’ शब्दाचा मूळ अर्थ तेथे प्रत्ययाला येतो.

दुसरे उदाहरण पिकण्याचे. कच्च्या केळ्यात पिष्ट अधिक आणि शर्करा नाममात्र असते. पिकताना बहुतेक पिष्टाची शर्करा होते. सालीवर काळे ठिपके पडलेल्या केळ्याचे शिकरण साखरेवाचून पुरेसे गोड होते. अर्धवट पिकलेली केळी घेऊन वर दोन चमचे साखर घालणे म्हणजे काळाने फुकट केले असते ते काम साखरेकडून करून घेणे होय.

तिसरे उदाहरण मंद आचेचे. रताळ्यातील एक विकर सुमारे ६० ते ७५ अंश सेल्सिअस या टप्प्यात पिष्टाचे माल्टोज बनवते. उष्णता त्यापुढे गेली की ते निकामी होते. म्हणून निखाऱ्यात हळूहळू भाजलेले रताळे झटपट उकडलेल्या रताळ्यापेक्षा स्पष्टपणे गोड लागते. असे रताळे कुसकरून दूध, वेलदोडा आणि थोडा ओला नारळ यांसह शिजवले तर वर साखर लागत नाही.

५. मर्यादा

या मार्गांना मर्यादा आहेत. काही पदार्थांत साखर केवळ गोडीसाठी नसते, तीच पदार्थाचा सांगाडा असते. चिक्की पाकाने जुळते. पाकातले रव्याचे लाडू पाकानेच वळतात. श्रीखंडाला त्याचा मऊ सैलसरपणा साखरेनेच येतो, आणि चक्क्याचा आंबटपणाही तीच झाकते. मुरांब्यात साखर पाणी बांधून ठेवते, म्हणून तो टिकतो. अशा पदार्थांतून साखर काढली तर उरतो तो वेगळाच पदार्थ. ते कमी वेळा आणि थोडे खावेत, हेच प्रामाणिक उत्तर होय.

साखर न घातलेला पदार्थ आपोआप पथ्याचा होतो, असेही नाही. आटवलेल्या म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर असतो. भाजलेले रताळे उकडलेल्यापेक्षा रक्तातील ग्लुकोज अधिक वेगाने वाढवते. आमरस फळाचाच, तरी फळ रस वा लगदा झाले की त्यातील शर्करा लवकर हाती लागते. ब्रिटनमध्ये २०१८ साली स्वीकारलेल्या व्याख्येत तर फळांच्या लगद्यातील शर्कराही मुक्त शर्करेतच धरली आहे. चिरलेल्या आंब्याच्या फोडी म्हणून बऱ्या. कृत्रिम मधुरकांविषयी बोलावयाचे तर, वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून त्यांचा वापर करू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचविले. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना मात्र ही सूचना लागू केलेली नाही.

६. नाव कसे असावे

मराठी पाकपरंपरेत पदार्थाचे नाव पुष्कळदा त्यात घातलेल्या द्रव्यावरून पडते. साखरेचा तो साखरआंबा, गुळाचा तो गुळांबा. तसेच साखरभात, गूळपोळी, खजूरपोळी. ही नावे होकारात्मक आहेत : पदार्थात काय आहे ते ती सांगतात, आणि किती खावे हे खाणाऱ्याला ठरवू देतात. ‘बिनसाखरेचे’ हे नाव काय नाही तेवढेच सांगते, आणि साखरेच्या जागी काय आले हे झाकून ठेवते. ‘गुळाचे लाडू’ म्हटले असते तर मधुमेही गृहस्थाने दुसरा लाडू उचलण्यापूर्वी विचार केला असता.

म्हणून शास्त्रीय लेखनात वर्गासाठी ‘शर्करा’ आणि डब्यातील द्रव्यासाठी ‘साखर’ हा भेद कटाक्षाने पाळावा. रोगवर्णनात ‘रक्तातील ग्लुकोज’ असे स्पष्ट म्हणावे. आणि पदार्थांना जुन्या रीतीने, त्यात जे आहे त्याचे नाव द्यावे. वाटीतला पदार्थ त्यामुळे बदलणार नाही. पण तो किती घ्यावा याचा निर्णय ज्याला करावयाचा आहे, त्याच्या हाती खरी माहिती पडेल.