धावपटूची हाडं आणि बारवरचं वजन

मॅरेथॉनची तयारी करणारे बरेच जण आता आठवड्यातून दोनदा जिममध्ये जातात. तिथे शेजारचा ठेंगणा मित्र ताठ धडाने 80 किलोचा स्क्वाट मारतो आणि आपण 50 किलोलाच पुढे झुकतो, हे पाहून काही जण हिरमुसतात आणि जिम सोडतात. हे थांबायला हवं, कारण या निराशेच्या मुळाशी ताकदीपेक्षा गैरसमजच जास्त असतात.

गैरसमज 1: स्क्वाटला कमी वजन उचललं जातं, म्हणजे पाय कमजोर.

वस्तुस्थिती: भरलेली कळशी कमरेवर घेऊन बराच वेळ चालता येतं, तीच हात लांब करून धरली, तर खांदा लगेच भरून येतो. वजन तेच, सांध्यापासूनचं अंतर वाढलं. स्क्वाटमध्ये तोल राहण्यासाठी बार साधारण पावलाच्या मध्यावर लागतो. मांडीचं हाड धडाच्या मानाने लांब असेल, तर बसताना कंबर जास्त मागे जाते, धड झुकतं आणि तेवढ्याच वजनाला नितंबांच्या व पाठीच्या स्नायूंना जास्त जोर लावावा लागतो. बारचा प्रवासही वाढतो. तो 50 ऐवजी 60 सेंटिमीटर वर न्यायचा, तर बार उचलण्याचं काम 20 टक्क्यांनी वाढतं.

गैरसमज 2: लांब हातापायांच्या माणसाने वजनांच्या वाटेला जाऊ नये.

वस्तुस्थिती: व्यायाम बदलला की हिशेब बदलतो. बेंच प्रेसमध्ये लांब हात अडचणीचे ठरतात, पण डेडलिफ्टमध्ये तेच कामाला येतात. कमी वाकून बार हाती लागतो. अमेरिकेच्या लामार गँट यांच्या पाठीच्या कण्याला बाक होता, धड आखूड आणि हात लांब होते. 1985 मध्ये त्यांनी स्वतःच्या वजनाच्या पाचपट, सुमारे 300 किलोचा डेडलिफ्ट केला.

गैरसमज 3: स्वतःच्या वजनाच्या किती पट उचललं, हे माप सगळ्यांना सारखंच लागू पडतं.

वस्तुस्थिती: स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, वजन मात्र घनफळाबरोबर वाढतं. म्हणून शरीर मोठं होत जातं तसं हे गुणोत्तर घटतं. मीराबाई चानू यांनी 2021 मध्ये 49 किलो गटात क्लीन अँड जर्कमध्ये 119 किलो उचलले, म्हणजे जवळपास अडीचपट. त्याच वर्षी जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झे यांनी 267 किलोंचा विश्वविक्रम केला, पण त्यांच्या अवाढव्य शरीराच्या मानाने ते दीडपटच होते. लाशा कमजोर आहेत, असं कुणीही म्हणणार नाही.

गैरसमज 4: स्क्वाटमध्ये गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये.

वस्तुस्थिती: 2003 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात गुडघे फळी लावून अडवले, तेव्हा गुडघ्यावरचं वळणबल सुमारे 22 टक्क्यांनी कमी झालं, पण नितंबाच्या सांध्यावरचं दहापट झालं. लांब मांडीच्या धावपटूला ही अट सगळ्यात महागात पडते. आपल्या आखाड्यातल्या बैठका आठवा: टाचा उचलल्या जातात, गुडघे पुढे येतात, धड उभं राहतं. जिममध्ये टाचांखाली पातळ प्लेट ठेवली किंवा उंच टाचेचे लिफ्टिंग शूज घातले, तरी हेच साधतं. गुडघा आधीच दुखत असेल, तर मात्र आधी फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

गैरसमज 5: हाडं बदलत नाहीत, मग घाम गाळून उपयोग काय?

वस्तुस्थिती: हाडं तीच राहतात, स्नायू आणि मज्जासंस्था शिकतात. नॉर्वेत 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कसलेल्या धावपटूंनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, जड वजनाचे हाफ स्क्वाट केले: चार सेट, प्रत्येकी चार वेळा. त्यांची स्क्वाटची ताकद 33 टक्क्यांनी वाढली आणि ठरावीक वेगाने धावायला लागणारा ऑक्सिजन 5 टक्क्यांनी घटला. शरीराचं वजन वाढलं नाही.

म्हणून एक वही करा. तारीख, व्यायाम, वजन आणि सेट लिहा. बारखाली फार झुकावं लागत असेल, तर गॉब्लेट स्क्वाट किंवा स्प्लिट स्क्वाट करून पाहा. तीन महिन्यांनी पहिलं पान उघडा आणि आजचा आकडा त्याच्याशी ताडून पाहा. ती दोन्ही पानं एकाच हाडांच्या माणसाची असतील. खरी तुलना तीच.