पॅरिसमधलं जावाचं गाव

पॅरिसचा आयफेल टॉवर तुम्ही चित्रात पाहिलाच असेल. तो बांधला १८८९च्या जागतिक प्रदर्शनासाठी. फ्रेंच राज्यक्रांतीला शंभर वर्षं झाली, त्याचा तो सोहळा. तीन कोटींहून जास्त लोकांनी तो पाहिला!

पण माझी गोष्ट टॉवरची नाही. त्याच प्रदर्शनात बांबूच्या झोपड्यांचं एक गाव वसवलं होतं, जावा बेटाचं. जावा म्हणजे आजच्या इंडोनेशियातलं बेट. तेव्हा तिथं डचांचं राज्य होतं. तिथून साठेक माणसं आणली होती. त्यांत चार नर्तकी होत्या. वय किती? १२ ते १६! म्हणजे तुमच्या ताईएवढ्या.

त्या नाचायच्या गामेलानवर. गामेलान हे एक वाद्य नव्हे बरं का, वाद्यांचं अख्खं कुटुंबच. काशाच्या पट्ट्या, उपड्या पातेल्यांसारख्या घंटा, ढोल, आणि टांगलेली मोठी गाँग. आपल्या तालात सम येते ना, तसा आवर्तन पुरं झालं की मोठ्या गाँगचा घुमारा येतो. सगळी वाद्यं एकमेकांशी जुळवलेली असतात. एका संचातलं वाद्य दुसऱ्यात बसवलं, तर बेसूर लागतं. वाद्य ओलांडून जायचं नाही, अशी तिथली रीत आहे. आपण नाही का, पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करतो!

गंमत म्हणजे, नर्तकी मध्य जावातल्या राजदरबारच्या, तर वादक पश्चिमेकडच्या चहाच्या मळ्यातले. दोघांची भाषा वेगळी, संगीतही वेगळं. लावणीला दशावताराचे वादक बसवावेत, तसंच झालं! पॅरिसकरांना त्याचा पत्ताच नव्हता.

तरी ऐकणाऱ्यांत एक जण फार कान देऊन ऐकत होता. २६-२७ वर्षांचा संगीतकार, क्लोद देबुसी. ते सूर त्याच्या डोक्यातून गेलेच नाहीत. १९०३मध्ये त्यानं पियानोसाठी ‘पॅगोडा’ नावाची रचना केली, तिच्यात गामेलानची छाया आहे.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. नाच नसतानाही लोक यायचे. ही माणसं राहतात कशी, टोप्या विणतात कशा, ते बघायला! मी वर्गात हे सांगितलं, तर चौथीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, आपल्या घरात असं कुणी डोकावलं तर?” मला पटकन उत्तर सुचलं नाही.

त्या चौघींची नावं मात्र टिकून राहिली आहेत. वाकिएम, सेरिएम, तामिना आणि सुकिया. जरा मोठ्यानं वाचा बघू!